मलिनीकरण अधिकारी

दूरच्या एका वाळवंटातली त्रेसष्ट माणसांची वस्ती पुरेसं सांडपाणी तयार करत नाही, ही गंभीर बाब जर्मनीतल्या गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत मे महिन्यातल्या सोमवारी सकाळी सव्वानऊला उघडकीस आली. संस्थेने तिथे बसवलेल्या शुद्धीकरण प्रकल्पाला रोज नऊ हजार लिटर घाण पाणी हवं होतं. येत होतं तीनशे दहा. टाकीतले जिवाणू उपाशी मरत होते.

संस्थेतला अभियंता अश्वजित याने आकडे पुन्हा तपासले. प्रकल्प त्याने आखला होता आणि ऑगस्टअखेर आबनामे होती, म्हणजे अंतिम तपासणी. ती पार पडली तर नोकरी आणखी दोन वर्षं. नाहीतर बायको आणि आईसकट बिऱ्हाड उचलून नागपूर.

त्याने वस्तीच्या प्रमुख बाईंना व्हिडिओ कॉल लावला. "भांडी घासलेलं पाणी कुठे जातं?"

"झाडांना."

बाईंच्या मागे डाळिंबाची एक्केचाळीस झाडं हिरवीगार उभी होती. अश्वजितने पुराव्यादाखल फोटो घेतला.

विभागप्रमुख फ्राऊ श्टाइनहाउअर यांनी तो चष्मा लावून पाहिला. "आल्झो, म्हणजे ही सांडपाण्याची विनापरवाना विल्हेवाट आहे. प्रकल्प बरोबर आहे. लोक चुकताहेत."

त्यानुसार झाडांना पाणी घालण्यास मनाई झाली. घराघरांवर 'पाणी अधिक वापरा' अशी पत्रकं लागली. वापरायला पाणीच नाही, ही वस्तीची तक्रार रास्त ठरली आणि ऐंशी किलोमीटरवरून टँकर सुरू झाला. पण टँकरचं पाणी स्वच्छ निघालं. स्वच्छ पाण्यावर जिवाणू जगत नाहीत. म्हणून मलिनीकरण अधिकारी हे पद निर्माण झालं. रोज सकाळी ठरलेल्या प्रमाणात पीठ, तेल आणि साबण टँकरमध्ये कालवायचा आणि सही करायची. पदाचं जर्मन नाव इतकं लांब होतं, की दारावरची पाटी खिडकीपर्यंत गेली.

जिवाणू धष्टपुष्ट झाले.

"मग शुद्ध झालेलं पाणी सोडणार कुठं?" जेवताना आईने, द्रौपदीबाईंनी, विचारलं.

"झाडांना."

"आणि आधी कुठं जात होतं?"

अश्वजितने वरणाचं पातेलं पुढे ओढलं. "झाडांना."

"मग मधे तू काय केलंस रे?"

"प्रक्रिया, आई."

"अहो आई, जेवू द्या त्याला," त्याची बायको धम्मदीपा म्हणाली. "सहा माणसं लागली आहेत त्या प्रक्रियेला."

शुद्ध पाणी झाडांना देण्यापूर्वी जर्मनीतल्या प्रयोगशाळेचा दाखला आवश्यक होता. तो ऑक्टोबरात मिळणार होता. तोवर शुद्ध पाणी उघड्या तलावात सोडलं जाई आणि संध्याकाळपर्यंत उडून जाई. टँकरमधली एक बादली तरी झाडांना द्यावी, असा अर्ज बाईंनी केला. ते पाणी मलिनीकरणासाठी राखीव असल्याचं त्यांना नम्रपणे कळवण्यात आलं.

तपासणीच्या दिवशी अर्जातला शेवटचाच रकाना उरला होता: लाभ मिळालेली झाडं.

"चार जगली आहेत," पडद्यावरून बाई म्हणाल्या. त्यांच्या मागे काटक्या उभ्या होत्या.

"क्षमता किती झाडांची?" फ्राऊ श्टाइनहाउअरनी विचारलं.

"एक्केचाळीस," अश्वजित म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. क्षमता लिहा."

"या चारांना पाणी कधी मिळेल?" बाईंनी विचारलं.

अश्वजितने माइक बंद केला आणि एक्केचाळीस लिहिलं.

नोकरी दोन वर्षांनी वाढली. संस्थेने प्रकल्पाची माहितीपत्रिका काढली. मुखपृष्ठावर हिरवीगार डाळिंबं होती. फोटो मे महिन्यातला, अश्वजितनेच काढलेला. द्रौपदीबाईंनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: 'माझ्या लेकाचं काम. जर्मनीत पाण्याचा थेंब वाया जात नाही. नाहीतर आपल्याकडे!' मग त्यांनी तांदूळ धुतलेलं पाणी उचललं आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घातलं.

तो फोटो एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही त्यावर अंगठा टेकवून पुढे पाठवलाही असेल, 'नाहीतर आपल्याकडे!' तसंच ठेवून.