मास्तरचा लाल दुपट्टा

मनोहर मास्तर रोज सकाळी गच्चीवर दुपट्टा वाळत घालतो, आणि तो दुपट्टा ओला नसतो. पांढरा असला तर सूर्य शांत. पिवळा असला तर सूर्यावर डाग वाढले. लाल असला तर तिथं स्फोट झाला, चुंबकीय वादळ पृथ्वीकडे निघालं, आणि छातीत मशीन असलेल्या माणसानं घराबाहेर पडायचं नाई.

नाचणगावात अशी मशीन माह्याच छातीत. डॉक्टरनं ठोके सांभाळायले ती बसवली तेव्हापासून या शेजाऱ्यानं माह्या जिवाचा ताबा घेतला. मोबाइलवर कुठल्याशा परदेशी खात्याचा सूर्याचा अंदाज वाचतो आणि कुंपणावरून ओरडतो, "आज के-पी पाच. नोंद घ्या."

"के-पी म्हंजे काय?"

"पृथ्वीचं चुंबक किती हललं त्याचं माप."

"माही म्हैस तर हलली नाई."

"म्हशीच्या छातीत मशीन नाही, भाऊ. नोंद घ्या."

मी चौथी नापास, पण डॉक्टरले स्वतः विचारून आलो. सूर्यानं या मशीनले काई होत नाई म्हणाला. मास्तर म्हणतो, "तो छातीचा डॉक्टर. त्याला सूर्यातलं काय कळतं?" मले वाटे, गावाले हुशारी दाखवायची हौस, दुसरं काई नाई.

तेही चालवून घेतलं असतं. पण मागच्या महिन्यात वडनेरले नातीचं साक्षगंध होतं. आटो दारात उभा, मी नवा सदरा घालून तयार, आणि वर लाल दुपट्टा. मास्तर आला, आटोची चाबी काढली आणि सरळ आपल्या विहिरीत टाकली. दुसरी चाबी येईपर्यंत दुपार झाली. पोचलो तर अंगठ्या घालून झाल्या होत्या, पाहुणे हात धुऊन राह्यले होते. नात म्हणाली, "आबाजी, लय वाट पाह्यली तुमची."

आल्याबरोबर कुंपणाशी गेलो.

"मास्तर, झालं काई माह्या छातीले?"

"नाही झालं."

"मंग काऊन केलं असं?"

मास्तर कुंपणाच्या तारेकडे पाहत बोलला. "कुमुदच्या छातीतही हेच मशीन होतं, भाऊ. ती गेली त्या दिवशी वादळ होतं. वादळाचं मला दुसऱ्या दिवशी कळलं."

कुमुदवहिनी, त्याची बायको. तिले मी खांदा दिला होता. पण म्हणून माही नात कोणाले परत सजवता येते? बोलणंच बंद केलं.

परवा सकाळी गच्ची रिकामी. चहा होईपर्यंत दम धरला, मंग शिव्या देतच गेलो. मास्तर चादर घेऊन पडलेला.

"दुपट्टा काऊन नाई?"

"ताप आहे. जिना चढवत नाही."

"सूर्य कसा हाय?"

"शांत."

पांढरा घेऊन वर गेलो. दोरी मागच्या कोपऱ्यात. तिथून ना रस्ता दिसे, ना चौक. खाली फक्त माहं आंगण, माही बाज, बांधलेली म्हैस.

दुपट्टा बांधला. घरी येऊन सुनेले मास्तरसाठी पातळ खिचडी टाकायले सांगितलं आणि आंगणात बाजेवर बसून वर पाह्यलं. वाकडाच बांधला होता, पण दिसत होता.

चाबीचा राग मात्र गेलेला नाई. नोंद घ्या.