भोवऱ्यांचा बंदोबस्त

कुही तालुक्यातल्या कालव्यातून किती पाणी जातं हे शासनाला नेमकं ठाऊक असावं, याबद्दल आमच्या नागपूरच्या कचेरीत कधीच दुमत नव्हतं. अडवून धरलं ते पाण्यानंच. ते सरळ वाहायलाच तयार नव्हतं. वेग मोजायची चक्री एका जागी धरली तर एक आकडा, हातभर सरकवली तर दुसरा. जिकडेतिकडे भोवरे आणि भोवऱ्यांच्या पोटात आणखी बारके भोवरे. सरकारी कालव्यात पाण्यानं असं वागावं याचं आमच्या मधुसूदन साहेबांना मनापासून वाईट वाटलं. साहेब कार्यकारी अभियंता होते आणि त्याच वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, परदेशात शिकून आले होते.

"सर्वांत लहान भोवरा सापडेपर्यंत मोजमाप अपुरं आहे," साहेब म्हणाले. आम्हाला ते लगेच पटलं. साहेबांचं म्हणणं आम्हाला नेहमीच लगेच पटतं.

कालव्यात आडवी लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यावर हाताहातावर चक्र्या लावल्या. बारके भोवरे मधून निसटले. मग वीतवीतभर अंतरावर लावल्या, तरी निसटले. मग बोटाबोटावर. त्यात वरून वाहत आलेला पालापाचोळा अडकला, पण तो काढला तर मोजणीत ढवळाढवळ झाली असती.

कालव्याच्या शेवटच्या टोकाला पंचफुलाबाईच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं होती. ती चालत चौकटीपाशी आली.

"साहेब, धान गर्भावर आला. बांधीले भेगा पडून राहिल्या. पानी काहून येत नाही जी?"

"येतंय बाई. किती येतंय ते अजून निश्चित व्हायचं आहे."

"थोडंसं आलं तरी चालते मले."

"थोडंसं म्हणजे किती, तेच तर मोजतोय आम्ही."

आमचा ओव्हरसियर ताराचंद चाचरत म्हणाला, "साहेब, चौकट काढली तर पाणी जाईल."

"आणि मोजणार कशानं?"

ताराचंदची बढती त्याच महिन्यात व्हायची होती. त्यानं चौकटीवर आणखी एक चक्री आवळली.

शेवटी चक्र्या इतक्या दाट झाल्या की पाणी वरच्या बाजूनं कालवा फोडून नाल्यात गेलं. चौकटीपाशी उरलेलं डबकं थांबलं. साऱ्या चक्र्यांनी एकच आकडा दाखवला. साहेबांचे डोळे भरून आले. एकही भोवरा शिल्लक नव्हता.

पंधरवड्यानं पंचफुलाबाई कचेरीत आली. तिनं वाळलेल्या धानात बैल सोडले होते.

"मोजलं का जी पानी?"

"मोजलं. अगदी अचूक."

"किती निघालं?"

"शून्य."

"हे तर मी तुमाले कवाची सांगून राहिली."

"तुमचं अंदाजे होतं, बाई."

पुढे नागपुरात, धंतोलीत, या अचूक मोजणीबद्दल साहेबांचा सत्कार झाला. तुम्हीही आला होतात, पहिल्या रांगेत. त्या बाईबद्दल चौकशी करणारे तुम्ही एकटेच निघालात, आम्हाला फार बरं वाटलं. मदत करायलाच हवी, असंही म्हणालात. फक्त आधी तिचं नुकसान नेमकं किती, ते नीट मोजून घ्या म्हणालात.

साहेबांनी कामाला सुरुवात केली आहे.