अध्यक्षांचं रेझोल्युशन

वाचनालयाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी चिटणीसांनी अध्यक्षांचा फोटो मोबाइलवर काढला आणि छापखान्यात पाठवून दिला. अध्यक्ष म्हणजे चिटणीसांचे सख्खे सासरे. रविवारी वार्षिक सभेत त्यांची पुन्हा निवड व्हायची होती आणि ती व्हावी म्हणून चिटणीसांनी जिवाचं रान केलं होतं. यात सासऱ्यांवरच्या प्रेमाचा भाग थोडाच होता. मागे रंगकामासाठी वाचनालय बंद होतं तेव्हा सासरे दिवसभर घरी होते. त्या काळात त्यांनी कपड्यांच्या घड्या कशा घालाव्यात यावर व्याख्यानं दिली, चहातली साखर निम्म्यावर आणली आणि स्वयंपाकाच्या बाईंनी काम सोडलं. ‘बाबा अध्यक्ष राहिलेच पाहिजेत,’ असं त्यांच्या मुलीने नवऱ्याला तेव्हाच बजावलं होतं.

शुक्रवारी दुपारी छापखान्यातल्या डिझायनरबाईंचा फोन आला.

“साहेब, तुमच्या अध्यक्षांचं रेझोल्युशन फारच कमी आहे हो.”

चिटणीस दचकले. रेझोल्युशन म्हणजे ठराव, आणि ठराव म्हणजे चिटणीसांचा प्राण. वाचनालयाचा बल्ब बदलायलासुद्धा ते ठराव करत. “कमी म्हणजे किती?”

“बहात्तरच आहे. निदान तीनशे तरी लागतं.”

“तीनशे? आमचे सभासदच जेमतेम दोनशे! बहात्तरांत भागवा ना.”

“लहान प्रमाणावर भागेल. मोठं करायला गेलं की माणूस फाटतो. आणि त्यांचं बॅकग्राउंड फार वाईट आहे. काढून टाकू?”

“हळू बोला, बाई!” चिटणीसांनी खिडकी लावून घेतली. “तुम्हाला कुठून कळलं?”

“दिसतंय ना समोर. बेमालूम काढते, कोणाला पत्ता लागणार नाही. दुसरं म्हणजे, ते आरजीबीमध्ये आहेत. मला त्यांना सीएमवायकेत घ्यावं लागेल.”

“आरजीबीत? कधीपासून?”

“पहिल्यापासूनच. इकडे आले की जरा फिके पडतील, तेवढं चालवून घ्या.”

चिटणीसांनी फोन ठेवला. आपले सासरे कुठल्याशा संघटनेत आहेत, पलीकडची मंडळी त्यांना ओढायला टपली आहेत आणि घरात कुणाला गंध नाही! त्यांनी ताबडतोब खजिनदारांना फोन केला. “तीनशेचं रेझोल्युशन लागतंय. आरजीबीचं प्रकरण आहे. बॅकग्राउंडचंही काहीतरी निघालंय. पण हे तुमच्यापुरतं ठेवा.”

खजिनदारांनी ते आपल्यापुरतंच ठेवलं असतं. पण ते त्या वेळी वाचनालयात होते. मोठ्याने बोलायला बंदी असलेल्या जागेत कुजबुज फार झपाट्याने पसरते.

रविवारच्या सभेला कधी नव्हे ती गर्दी झाली. निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. “अध्यक्षमहोदय, आपण आरजीबीत आहात की सीएमवायकेत, हे एकदाच स्पष्ट करा.”

“मी वाचनालयात आहे!” अध्यक्ष गरजले.

“आणि आपली पार्श्वभूमी?”

अध्यक्षांनी खिशातून राजीनामा काढून टेबलावर आपटला. असा राजीनामा ते नेहमीच जवळ बाळगत आणि दर सभेत एकदा आपटत. मग सगळे त्यांना विनवत, आणि तो पुन्हा खिशात जाई. या वेळी खजिनदारांनी तो उचलला आणि मंजूर करून टाकला.

सोमवारी सकाळी सासरे घरीच होते. चहात साखर नव्हती, स्वयंपाकाच्या बाईंनी पुन्हा काम सोडलं होतं. बायको चिटणीसांशी बोलत नव्हती. शेवटी चिटणीसांनी छापखान्यातून आलेल्या फोनची हकीकत सांगून टाकली.

“जावईबापू, कोण ती बाई?” सासऱ्यांनी चपला घातल्या. “चला. माझी पार्श्वभूमी मला तिच्या तोंडून ऐकायचीय.”

डिझायनरबाईंनी निरागसपणे फोटो पडद्यावर उघडला. “हे बघा, मोठं केलं की नाकाच्या जागी नुसते चौकोन. याला म्हणतात कमी रेझोल्युशन. आरजीबी म्हणजे पडद्यावरचे रंग, सीएमवायके म्हणजे छपाईचे. आणि हे तुमचं बॅकग्राउंड.”

सासऱ्यांच्या मागे दोरीवर कपडे वाळत होते. त्यांच्या डाव्या कानाला लागून एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी डौलाने फडकत होती.

“ही कुणाची?”

“माझी,” चिटणीस जमिनीकडे बघत म्हणाले.

“म्हणजे माझं अध्यक्षपद तुझ्या चड्डीपायी गेलं!”

पुढे काय झालं असतं सांगता येत नाही. पण बाईंना म्हाताऱ्याची दया आली. त्यांनी चड्डी पुसली, मग सहज माउस फिरवून कपाळावरच्या आठ्या पुसल्या, केस काळे केले. सासरे पडद्याकडे झुकले. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. “थांब. मिशी जरा भरघोस कर. अंहं, एवढी नको.”

ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन स्वतःहून गेले. तिसऱ्या दिवशीही. घरात साखर परतली, पाठोपाठ स्वयंपाकाच्या बाईही परतल्या.

पंधरवड्याने डिझायनरबाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका होता.

“साहेब, ते रोज येतात हो! काल एका पत्रिकेचा पिवळा रंग त्यांनी नामंजूर केला. गिऱ्हाईक रडत गेलं. त्यांना पुन्हा अध्यक्ष करा, मी तुमची स्मरणिका फुकट छापून देते!”

चिटणीसांनी बायकोकडे पाहिलं. ती पाय पसरून, दुसरा कप चहा पीत, कादंबरी वाचत होती. तिने पुस्तकातून मान वर न करता नुसता हात हलवला: घाई नको.

“बाई,” चिटणीस भारदस्त आवाजात म्हणाले, “विषय गंभीर आहे. पुढच्या वार्षिक सभेत घेऊ.”