शालीची घडी

कागदकाम म्हणजे माझ्या हातचा मळ! आमच्या चाकणच्या कंपनीने दर शनिवारी कुणाला तरी शाळेत पाठवून मुलांना काहीतरी शिकवायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या स्टोअर डिपार्टमेंटमध्ये हात वर केला तो मी एकट्याने.

"धनेश, तुला येतं हे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, कागद काय, मी पत्रासुद्धा नक्षीदार कापीन!"

घरी बायकोने, जयमालाने, एवढंच विचारलं, "लहान मुलांच्यात जाताना शिंप्याची कात्री कशाला?"

"अगं, त्यांच्या प्लास्टिकच्या कात्र्यांनी लोणीसुद्धा कापलं जात नाही!"

चिखलीच्या शाळेतली तिसरीची मुलं. मी कागदाला घडीवर घडी घातली, कात्रीने कडेकडेला टवके काढले आणि झटकन कागद उलगडला. जाळीदार फूल! मागची मुलं बाकांवर चढून बघू लागली.

"घडी मोडेपर्यंत आत काय आहे ते देवालासुद्धा कळत नाही!" मी ऐटीत म्हणालो.

"सर, रुमालाचं पण होतं का?" पहिल्या बाकावरच्या दिव्याने विचारलं. तिचे वडील लातूरकडचे, आता भोसरीला कंपनीत कामाला.

"ज्याची घडी पडते त्या सगळ्याचं होतं!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

त्या दिवशी शाळेत सत्कार होता. चऱ्होलीच्या सोपानरावांनी शाळेला पाण्याची टाकी दिली होती. त्यांच्यासाठी आणलेली पाकीटबंद शाल आणि नारळ आमच्याच वर्गात टेबलावर ठेवलेले. मी हाताचा डिंक धुवायला बाहेर गेलो. परत आलो तर दिव्याच्या हातात माझी कात्री, फरशीवर किरमिजी रंगाचा चुरा आणि मांडीवर शाल!

"दिव्या! हे काय कापलंस?"

"माहीत नाही की सर. उघडल्यावर कळंल. तुम्हीच म्हणालात की!"

ती घडी मोडणार एवढ्यात जिन्यावर पाहुण्यांचे आवाज आले. मी शाल हिसकावली, पाकिटात कोंबली आणि फाटलेल्या पाकिटाला आमच्या कागदकामाची हिरवी चिकटपट्टी लावली. दुसरी शाल आणायला वेळ होता कुठे!

स्टेजवर मुख्याध्यापिका दिपाली मॅडमनी शाल उलगडायला बोटं घातली आणि मी दाराकडे सरकलो. पण देव माणसाच्या रूपात येतो म्हणतात ते खरं असावं.

"मॅडम, घडी मोडू नगा!" सोपानराव घाईने म्हणाले. "लई उकडतंय. ऱ्हाऊ द्या तशीच."

घडी खांद्यावर ठेवली, टाळ्या पडल्या, मी सुटलो. मागे बघतो तर दिव्याचे डोळे भरलेले.

"सर, काय निघालं ते मला बघायचं होतं."

मला फार वाईट वाटलं. पुढच्या शनिवारी तिने कात्रीला हातच लावला नाही. त्याच्या पुढच्याही. "आधी ते काय निघालं ते सांगा," एवढंच तिचं म्हणणं. सगळ्यांच्या घड्या उघडल्या, तिची तेवढी मिटलेली! आणि खरं सांगू? मलाही चैन पडेना. मी घरी पेपरला घड्या घालून तसे टवके काढून बघायला लागलो. जयमालाला सकाळची बातमी भोकांच्या मधून वाचावी लागे.

शेवटी टाकीची चौकशी करायच्या निमित्ताने चऱ्होली गाठली.

"काका, ती शाल वापरता का हो?"

"कंची? ती व्हय! ती रहाटणीच्या हिंदुरावांना दिली. आमचं व्याही. सत्कार हुता त्यांचा."

"उघडून?"

"उघडून कशापायी? सत्काराची शाल कोन उघडतंय!"

संपलं! दिव्याला काय सांगायचं या विचारात मी परत आलो.

एप्रिलमध्ये मुलांच्या कागदकामाचं प्रदर्शन भरलं आणि मॅडमनी माझाच सत्कार ठरवला. पाहुणे सोपानराव. "शाळंनं खर्च करू नगा, शाल मी घरनं आणतो," असं त्यांनी आधीच कळवलेलं. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं.

पाकिटाला हिरवी चिकटपट्टी!

"व्याह्यांनी परवाच दिली, नातवाच्या बारशाला. कोरी हाय," ते माझ्या कानात म्हणाले आणि घडी माझ्या खांद्यावर ठेवू लागले.

समोर पहिल्या रांगेत दिव्या. तिने पट्टी ओळखली होती. ती जागेवर उभी राहिली. एका बाजूला माझी अब्रू, दुसऱ्या बाजूला ते दोन डोळे.

"काका," मी म्हणालो, "घडी मोडा!"

"आँ? एवढ्या उकाड्यात?"

"मला थंडी वाजतेय!"

त्यांनी शाल झटकली. मधोमध मोठं फूल, भोवती चांदण्या, काठाला पानं. खिडकीतलं ऊन त्यातून थेट फरशीवर उतरलं. दिव्या टाळ्या पिटत ओरडली, "सर, निघालं! फूल निघालं!" इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता.

सोपानराव मात्र लाल झाले. भोकात बोट घालून त्यांनी फोन लावला. "व्याही, भोकं पडलेली शाल देता व्हय आमाला?"

"आजोबा, त्यांनी नाही, मी कापली," दिव्या अभिमानाने म्हणाली. "तुम्हाला दिली होती ना, तेव्हाच! सरांच्या कात्रीनं!"

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. मग हळूहळू हिशेब लागला आणि सगळा हॉल सोपानरावांकडे बघू लागला.

"व्याही, मागनं बोलतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आम्ही दोघेही फरशीवरचं फूल बघत राहिलो.

शाल दिव्याला मिळाली. "सरांना दुसरी देतो, गाडीत हाय," सोपानराव म्हणाले आणि तशीच एक घडी माझ्या खांद्यावर आली.

घरी जयमाला ती कपाटात ठेवायला निघाली. "राहू दे तशीच, कुणाच्या तरी सत्काराला होईल."

"थांब! आत काय आहे कुणाला ठाऊक?" मी म्हणालो आणि घडी मोडली.

वर हातभर कापड, आत नुसता पुठ्ठा!

पुठ्ठा मात्र चांगला जाड आहे हं. शनिवारी शाळेत नेतोय, कापायला.