बरणीतली सावली

मोहाडीच्या एका कार्यालयात लिपिक असलेल्या गोपीचंदची बदली पार मध्य प्रदेशच्या सीमेवर, बपेऱ्याला होणार की नाही, हे एका लोणच्याच्या बरणीवर अवलंबून होतं. यात थट्टा नव्हती. वरून परिपत्रकच आलं होतं. प्रत्येक कर्मचाऱ्यानं घरी टेरॅरियम, म्हणजे झाकणबंद काचेतली बाग उभारावी, जोपासावी आणि तिचा फोटो दर सोमवारी ॲपवर चढवावा. ज्याची बाग हिरवी तो पर्यावरणसंवेदनशील. ज्याची वाळली किंवा सडली तो बदलीस पात्र. म्हातारी आई, स्वतःचं घर आणि दारचा कडुनिंब सोडून जायची गोपीचंदची तयारी नव्हती.

घरात काचेची मोठी बरणी एकच, अन् तीत सत्यवतीचं आंब्याचं लोणचं मुरत होतं.

"मंग लोणचं कायच्यात ठेवू जी? तुमच्या हेल्मेटात?" बायकोनं विचारलं.

"शासनाचं काम आहे."

"तर शासनालेच मागा ना बरणी!"

लोणचं कुकरमध्ये गेलं. बरणीत तळाशी नदीचे गोटे, वर चुलीतला कोळसा, त्यावर माती, तलावाच्या पायरीवरून खरवडून आणलेलं शेवाळ आणि मधोमध नेच्याचं नाजूक रोपटं. झाकण लागलं. आतलंच पाणी वाफ होऊन काचेवर चढतं, तेच खाली उतरतं. वरून पाणी घालू नये, असं परिपत्रकात ठळक अक्षरात छापलं होतं.

पण परिपत्रक बेबीबाईला लागू नव्हतं. ही गोपीचंदची आई. आंघोळ झाली की जे झाड समोर दिसेल त्याच्या बुडाशी गडवाभर पाणी ओतायचं, हा तिचा जन्माचा नेम. तिनं झाकण काढलं, गडवा उलटा केला. रोजच केला. थोड्याच दिवसांत बरणीला नालीचा वास सुटला.

"माय, तू पाणी टाकलं यात?"

"मंग? घरातल्या झाडाले तहानलेलं ठेवू? कोंडून बी ठेवता अन् पाणी बी नाही देत. कैदी आहे का थो?"

दुसरं रोप आलं. झाकणाला चिकटपट्टी लागली. आता ॲपनं शेरा मारला: प्रकाश अपुरा, सुधारणा करावी, अन्यथा बदली प्रस्तावित. खिडकीवर कडुनिंब होता ना! गोपीचंदच्या लग्नाची पंगत ज्याच्याखाली उठली, तोच. गोपीचंद कार्यालयात चंद्रकुमार साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, दारचं झाड आडवं येऊन राहिलं."

"कशाला आडवं?"

"पर्यावरणाले."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "मग अडथळा दूर करा."

झाड पाडायची परवानगी एरवी चपला झिजवल्याशिवाय मिळत नाही. ही त्याच दिवशी मिळाली, कारण प्रयोजन 'हरित उपक्रम' होतं.

"अजी, एखादी फांदी छाटा," सत्यवती कळवळून म्हणाली. "अख्खं झाड कायले पाडता?"

"फांदीची परवानगी वेगळी काढा लागते. अखीन उशीर होईन."

कडुनिंब पडला. घरात प्रकाश आला, ॲप खूश झालं. मग मे महिना आला. काच तव्यासारखी तापली, नेचा आतल्या आत शिजायला लागला. तेव्हा बेबीबाईच्या खाटेकडचा कूलर उचलून बरणीकडे फिरवण्यात आला. बेबीबाईनं पदरानं घाम पुसला, खाटेवरची वाकळ गुंडाळली अन् शेजारच्या धनीरामच्या निंबाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सत्यवतीही तांदूळ निवडायचं सूप घेऊन तिकडेच गेली.

तपासणीला चंद्रकुमार साहेब आले ते भर दुपारी. अंगण भट्टीसारखं पेटलेलं, साहेबांच्या सदऱ्याला घामाच्या धारा.

"गोपीचंद, जरा टेकायला सावली नाही का रे कुठं?"

"आहे ना साहेब." गोपीचंदनं बरणीकडे बोट दाखवलं. नेच्याखाली शेवाळावर हाताच्या पंजाएवढी गारेगार, दाट सावली पडली होती. "पण झाकण नाही उघडता येत."

साहेबांनी घाम पुसत वाकून त्या सावलीकडे पाहिलं. मग त्यांनी 'उत्कृष्ट' असा शेरा दिला, बदलीच्या यादीतून नाव वगळलं आणि गाडीत बसून एसी लावला.

गोपीचंद धावतच धनीरामच्या अंगणात गेला. "माय, बदली टळली! आता कुठीच जा नाही लागत. आपल्या घरीच राहाचं!"

बेबीबाईनं वाकळीवर कूस बदलली.

"तू राय बापा," ती म्हणाली. "बरणी एकटी आहे घरी."

गोपीचंदला हसायचं तर हसा, पण जरा हळू. त्या बिचाऱ्याजवळ निदान वरचा आदेश होता, बदलीची भीती होती. तुमच्या दारचं झाड तुम्ही कशासाठी पाडलं होतं हो? गाडीवर पानं पडत होती, एवढंच ना?