सगळ्याला साल म्हनू नगा!

आमच्या शेजारच्या रंगनाथअण्णांसमोर भुईमुगाच्या शेंगा खायची सोय नाही. टरफलं कुठंही टाका, त्यांचं काही म्हणणं नसतं. त्यांना 'साली' म्हणालात, की संपलात.

"साल केळ्याला आसती. ह्याला टरफल म्हंत्यात. आन् आतल्या दान्याचं लाल लाल निघतंय, ते फोलपट. सगळ्याला साल म्हनू नगा!"

संगमनेरात राहायला येण्याआधी अण्णांनी उभा जन्म डाळिंबाच्या बागेत काढला. त्यांची बायको, कलाकाकू, वारल्या, बाग मुलाच्या हाती गेली आणि अण्णा आमच्या वाट्याला आले. सापाची कात, माशाचे खवले, गव्हाचा कोंडा, लसणाचा पापुद्रा, सगळं तोंडपाठ. आमचे हे एकदा फुटलेल्या टाचा घेऊन ओट्यावर बसले, तर अण्णा म्हणाले, "सायेब, कात टाकताय जनू!" यांनी पुढं आठवडाभर पायातले मोजे काढले नाहीत. भर उन्हाळ्यात, बरं का!

पण केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत शिरली, की हाच गोड माणूस बिथरायचा. आम्ही बायका विंचरताना गळलेले केस साठवून ठेवतो. तिला दिले की वाटी, डाव, काहीतरी मिळतं. अण्णा मात्र दारात काठी आपटायचे. "आमच्यात केस न्हाईत! फुडं व्हा!" डोक्यावर खरंच एक नव्हता, त्यामुळं तीसुद्धा हसत पुढं जायची.

गेल्या महिन्यात मुलानं अण्णांच्या घराच्या गिलाव्यासाठी गवंडी पाठवला. भिंतीतले जुने कोनाडे बुजवून टाकायचे ठरले. अण्णांचं जेवणावरून मन उडालं. "आरशाजवळचा तेवढा ऱ्हाऊ दे," म्हणून फोनवर किती विनवलं! मुलगा म्हणाला, एकच ठेवला तर भिंत वाईट दिसेल.

मी सामान हलवायला गेले होते. आरशाजवळच्या कोनाड्यात फणीमागं केसांचं गुंतवळ होतं. काळं-पांढरं, मुठीएवढं.

"अगं बाई! याची तर झकास वाटी आली असती, अण्णा!"

त्यांनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. माझी जीभ कुठली गप्प बसायला! हसवावं म्हणून विचारलं, "तुम्हाला सगळ्याची नावं येतात. मग सांगा, याला काय म्हणायचं?"

अण्णा बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"ही तुजी काकू हाय," ते म्हणाले.

अण्णांनी ते गुंतवळ पुन्हा फणीमागं ठेवलं. तेवढ्यात गवंडी थापी घेऊन आत आला.

"ताई, हा बुजवू का?"

"हात तर लावून बघ!" मी म्हणाले. "त्यांच्या मुलाला काय सांगायचं ते मी सांगते."