कॅप्टनसाहेब आणि आहुप्याचा दगड

सन १९१९ च्या सुमारास महायुद्ध आटोपले आणि सरकारजवळ एक गंभीर अडचण उरली : वैमानिक पुष्कळ आणि विमाने थोडी. जुनी विमाने मोडीत काढता येत. वैमानिकांच्या बाबतीत तशी तरतूद नव्हती. तेव्हा वरिष्ठांनी बराच विचार करून एक परिपत्रक काढले. जो इसम दहा हजार फुटांवर एक यंत्र खाली न पडू देता चालवू शकतो, त्याला मुलूख चालवणे जड जाऊ नये. कारण मुलूख मुळातच जमिनीवर असतो, तो पडण्याची धास्ती नसते. या युक्तिवादात मला त्या वेळी काही खोट दिसली नाही. मी कारकून होतो आणि परिपत्रकात खोट दिसणे हे माझ्या पगारात बसत नव्हते.

अशा रीतीने जुन्नर व आंबेगाव भागासाठी उघडलेल्या हंगामी ग्रामसुधार खात्यावर कॅप्टन ब्रॅडवेल यांची नेमणूक झाली. माणूस चांगला. लढाईत दोनदा जळत्या विमानातून उतरलेले, कोणावर ओरडत नसत, आणि लाच तर त्यांना द्यावी कशी हेच कोणाला सुचत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली खुर्ची कचेरीच्या कौलांवर नेऊन ठेवली. खाली बसून काही दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही फायली टोपलीत घालून दोरीने वर चढवू लागलो. प्रत्येक सहीपूर्वी शिपाई गेणू याने खालून ‘कॉन्टॅक्ट!’ असे ओरडायचे, साहेबांनी वरून ‘कॉन्टॅक्ट!’ म्हणायचे, आणि मगच टाक दौतीत बुडायचा. विमान सुरू करण्याची म्हणे ही पद्धत. गेणूचा घसा बसला त्या आठवड्यात खात्यात एकही सही झाली नाही, आणि खरे सांगायचे तर कोणाचे काही अडलेही नाही.

साहेबांचे नियम दोनच होते. वरून दिसत नाही ते नाही. आणि जिथे विमान उतरायला मैदान नाही तिथे काम काढायचे नाही. महिन्यातून एक दिवस त्यांना पुण्याहून विमान मिळे. त्यात बसून ते सगळा मुलूख दोन तासांत तपासून येत. पूर्वी फिरतीवर येणाऱ्या साहेबांना त्याच कामाला घोड्यावरून चार महिने लागत, आणि परत येईपर्यंत गावोगावच्या तक्रारी त्यांच्या डोक्यात बसलेल्या असत. ब्रॅडवेलसाहेब एकही तक्रार न घेता परतत. एवढ्या उंचीवर तक्रार पोचत नाही. मुलूख सुधारतो आहे याचा याहून चांगला पुरावा कोणता?

लोणी हे गाव त्यांना फार आवडले. सपाट, मोकळे, कुठेही उतरावे असे. त्याच्या एका कडेला साकव, म्हणजे लहानसा पूल, शोभून दिसेल, असे त्यांना वरून वाटले आणि दीड महिन्यात तिथे चिरेबंदी साकव उभा राहिला. लोणीचे भगवंतराव पाटील आभार मानायला स्वतः आले.

“सायेब, साकव लई झ्याक झालाय,” पाटील मान उंच करून कौलांकडे बघत म्हणाले. “पर त्याच्याखाली वढा न्हाई. तेवढा वढा कवा देताय?”

साहेबांनी मागणी रास्त ठरवली आणि पुढल्या सालच्या यादीत लोणीसाठी एक ओढा घातला.

ही बातमी पसरल्यावर बाकीच्या गावांनी काय करायचे ते केले. छपरे चुन्याने पांढरी होऊ लागली. भिंतींचे पोपडे तसेच, चुलीचा धूर तसाच, पण वरून पाहावे तर गाव कसे नवेकोरे. जुन्नरच्या पेठेत खेमचंद शेटजींच्या दुकानात सकाळी आलेला चुना दुपारपर्यंत राहत नसे. “कारकूनसाहेब,” शेटजी मला म्हणाले, “दाराला रंग हल्ली कोणी मागत नाही. सगळी मागणी वरची आहे.”

चैत्रात पश्चिमेच्या कड्यावरच्या आहुपे गावाहून दोन माणसे दोन दिवस चालून कचेरीत आली. एक म्हातारा धर्माजी, गावचा वडीलधारा, दुसरी सखूबाई. त्यांना साकव हवा होता, आणि त्यांच्याकडे ओढा होता. सुईण राहते ओढ्यापलीकडच्या वाडीत. सखूबाईची सून भागू श्रावणात बाळंत व्हायची होती. मागल्या पावसाळ्यात तिचे पहिले बाळंतपण आले तेव्हा ओढ्याला पूर होता. सुईण पलीकडच्या काठावर उभी राहून काय करायचे ते ओरडून सांगत होती आणि पाण्याच्या आवाजात निम्मे ऐकू येत नव्हते. मूल गेले. सखूबाईने हे आवाज न चढवता सांगितले, आणि मी ते इंग्रजीत करून टोपलीतून वर पाठवले.

साहेबांनी नकाशा पाहिला, स्वतः काढलेली टिपणे पाहिली. “तिथे गाव नाही,” ते म्हणाले. “मी तीनदा गेलो आहे. तिथे फक्त जंगल आहे.”

मी मराठीत सांगितले. धर्माजी म्हणाला, “ती द्येवाची राई हाय, सायेब. आमची घरं राईच्या आडाला हायेत. वारा लई सुटतो कड्यावर.”

“मग झाडे तोडा,” साहेब म्हणाले, “म्हणजे गाव होईल.”

“त्या राईतली वाळकी काटकी बी कुनी उचलत न्हाई,” धर्माजी म्हणाला. सखूबाई मात्र सरळ कौलांकडे बघून बोलली, “सायेब, राई ऱ्हाऊ द्या. तुमीच खाली या की. येऊन बघा.”

साहेबांना खरोखर वाईट वाटले. पण उतरायला मैदान नव्हते. मग त्यांनी मला विचारले, “तुम्ही हे गाव पाहिले आहे काय?”

आता, १९११ सालच्या शिरगणतीत मी आहुप्याला तीन रात्री मुक्काम केला होता. धर्माजीच्याच ओसरीवर झोपलो होतो, आणि तापाने फणफणलो तेव्हा नाचणीची पेज करून घालणारी हीच सखूबाई होती. ती दोघे माझ्याकडे बघत होती. इंग्रजी त्यांना येत नव्हते, हीच काय ती माझी सोय.

“वरून नाही पाहिले, सर,” मी म्हणालो. साहेबांनी समाधानाने मान हलवली.

जाताना मला थोडी लाज वाटली म्हणून मी धर्माजीला एवढेच सुचवले की वैशाखात साहेब पुन्हा उडणार आहेत, तेव्हा काहीतरी दिसेलसे करा. आहुपेकरांनी ते मनावर घेतले. चुना तिथवर पोचत नव्हता. त्यांनी ठरल्या दिवशी गावातले होते नव्हते ते पांढरे कापड, धोतरे, मुंडाशी, अंगरखे, कड्याजवळच्या कातळावर पसरले, वर धोंडे ठेवले आणि सगळे पुरुष घोंगड्या गुंडाळून घरात बसले. विमान दोनदा घिरट्या घालून गेले. त्याच्या मागोमाग वारा सुटला आणि सात धोतरे खाली कोकणात गेली.

साहेब आनंदात परतले. अहवाल त्यांनी मला तोंडी सांगितला : पश्चिम कड्यावर फार मोठे धुणे वाळत घातलेले आढळले. सबब तेथे परिटांची भरभराटलेली वस्ती असावी. ज्याअर्थी एवढे धुणे होते त्याअर्थी पाणी मुबलक आहे आणि लोक सुखी आहेत. उत्तेजनार्थ एक धुण्याचा दगड मंजूर. दगड धुण्याच्या प्रमाणात असावा, म्हणून साहेबांनी हिशेब करून त्याची लांबी नऊ हात ठरवली.

ती शिळा चाळीस माणसांनी ओंडक्यांवरून ढकलत ज्येष्ठात आहुप्याला नेली. तिथे ओढा एका जागी सात हात रुंद होता. आहुपेकरांनी दगडाकडे पाहिले, ओढ्याकडे पाहिले, आणि एका संध्याकाळात काम उरकले.

सगळे इथेच निभावले असते. पण खात्याचा तिमाही तक्ता असतो. त्यात रकाना होता : ‘सदर दगडावर आजवर किती वस्त्रे धुतली?’ धर्माजीने फिरतीवरच्या तलाठ्याकडून खरे उत्तर लिहवून पाठवले : ‘एकही नाही. दगडावरून माणसे येतात जातात.’

साहेब प्रथमच रागावलेले मी पाहिले. विमानात प्रत्येक खिळा त्याच्या जागी असतो, ते म्हणाले. पंख उभे राहायला असता तर वैमानिक पंखावर उभा राहिला असता. हुकूम निघाला की दगड ओढ्यावरून तत्काळ काढून धुण्याच्या कामी लावावा. पावसाळ्यात ढगांमुळे साहेब उडत नसत, म्हणून हुकूम पायी जायचा होता. तो माझ्याकडे आला. याच सुमारास वरिष्ठांनी साहेबांच्या कामगिरीचा आढावा घेऊन प्रयोग यशस्वी झाल्याचे कळवले. त्यांच्या कारकिर्दीत एकही अपघात झाला नव्हता.

श्रावणात मी आहुप्याला पोचलो तेव्हा धुके इतके होते की स्वतःची छत्री दिसत नव्हती. ओढा दोन्ही काठ धरून चालला होता. मी दगडावरून पलीकडे गेलो. दगड मजबूत होता, जरासुद्धा हलला नाही. सखूबाईने मला चुलीपाशी बसवले आणि फडक्यात गुंडाळलेली परवाचीच नात माझ्यासमोर धरली. सुईण वेळेवर आली होती. अजून बारा दिवस ती रोज येणार होती, भागूला शेकायला आणि पोरीला न्हाऊ घालायला.

“सायबाला सांगा, लई उपकार झाले,” सखूबाई म्हणाली. “आन तुमी बी चांगला सबुद टाकला आसंल आमच्यासाठी, भाऊसायेब.”

मी भाकरी खाल्ली. हुकूम खिशात होता. तो तिथेच वाचला असता, तर ही भोळी माणसे हुकमाप्रमाणे दगड काढायला तत्काळ उठली असती. आणि मग मी परत कसा जाणार, हा प्रश्न होता. मी उठलो, निरोप घेतला, ओढा ओलांडला, सुरक्षित जमिनीवर दोन्ही पाय रोवले, आणि मग कागद काढून हुकूम मोठ्याने वाचू लागलो.

पलीकडे सखूबाई पोरीला घेऊन पोचवायला आली होती. तिने कानामागे हात धरला. “काय म्हनता?” ती ओरडली. पाणी फार गर्जत होते. मी सबंध हुकूम जावक क्रमांकासह पुन्हा वाचला. नोकरीत इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. ती हसली आणि पोरीला उंच धरून ओरडली, “बरी हाय, भाऊसायेब! काळजी करू नका! जा आता, पाऊस येतोय!”

हुकूम समक्ष वाचून दाखवला, असे मी कचेरीत लिहून दिले. त्यात काही खोटे नव्हते. तुम्ही आता कॅप्टनसाहेबांना हसाल, मला तर हसालच. खुशाल हसा. पण आपण आधी ओलांडून घ्यायचे आणि मग मागच्यांचा दगड काढायचा हुकूम वाचायचा, ही रीत काही मी काढलेली नाही. ज्या काठावर बसून तुम्ही हे निवांत वाचता आहात, तिथे तुम्ही कशावरून आलात, आणि आल्यावर कोणता कागद वाचलात, तेवढे एकदा आठवून बघा.